स्टेनलेस सुऱ्यांची धार: कोणतं पोलाद किती टिकतं आणि का

प्रश्न थोडक्यात असा आहे: ४४०सी, व्हीजी-१०, १४सी२८एन, एस३५व्हीएन आणि एम३९० या पाच स्टेनलेस पोलादांपैकी धार जास्त कोणाची टिकते? आणि एम३९० एवढं नावाजलेलं असताना त्याची नवी कोरी सुरी घरातल्या जुन्या, साध्या सुरीच्या आधी बोथट का झाली?

क्रमवारी आधी देऊन टाकतो. पाचही पात्यांचा कोन सारखा असेल, प्रत्येकाला नीट पाणी दिलेलं (म्हणजे तापवून, वेगानं थंड करून कडक केलेलं) असेल आणि कापायची वस्तू पुठ्ठ्यासारखी किंवा दोरासारखी घासणारी असेल, तर एम३९० पहिलं, एस३५व्हीएन दुसरं, मग बरंच अंतर सोडून ४४०सी आणि व्हीजी-१० जवळपास बरोबरीनं, आणि १४सी२८एन शेवटचं. या क्रमाबद्दल जाणकारांत फारसा वाद नाही. पण या तीन अटींपैकी एक जरी गळली तरी क्रम उलटापालटा होतो, आणि तयार विकत घेतलेल्या सुरीत एखादी तरी अट बहुतेक वेळा गळलेली असतेच. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

आधी धार जाते म्हणजे काय होतं ते बघू. चांगली लावलेली धार टोकाशी १ मायक्रॉनपेक्षाही बारीक असते. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. एवढ्या बारीक कडेचं नुकसान चार तऱ्हांनी होतं. ती एका अंगाला वळते. तिचे टवके उडतात. ती झिजून गोल होते. नाहीतर ओल, मीठ किंवा आंबट रस तिला खातो. पात्यावर डाग दिसण्याच्या कितीतरी आधी कडेचं टोक गेलेलं असतं. वळू नये म्हणून कडकपणा हवा, टवके उडू नयेत म्हणून चिवटपणा, झिजू नये म्हणून पोलादात कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि क्रोमियमसारख्या धातूंच्या संयुगाचे, कठीण कण, आणि गंजू नये म्हणून मोकळं क्रोमियम. या चार गुणांची आपापसात ओढाताण असते. कार्बाइड वाढवले की चिवटपणा घटतो. कडकपणा चढवला तरी चिवटपणा घटतो. कार्बन वाढवला की तो क्रोमियम स्वतःकडे ओढतो आणि गंजरोध कमी होतो. त्यामुळे 'धार टिकते' हा एकच गुण धरून पोलादांची रांग लावता येत नाही. कोणत्या तऱ्हेनं जाणारी धार, हे आधी विचारावं लागतं.

हे स्वतः बघण्याजोगं आहे. १० ते २० पट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या, पातं दिव्याखाली धार वर करून धरा आणि सावकाश कलवत न्या. खरी तीक्ष्ण धार दिसतच नाही, कारण प्रकाश परतवायला तिथं सपाटीच नसते. जिथं पांढरी रेघ चमकते तिथं ती गेलेली आहे. रेघ सलग आणि सारख्या जाडीची असेल तर ती झीज. तुटक, ठिपक्याठिपक्यांची असेल आणि भिंगात कडेला खाचा दिसत असतील तर टवके उडालेत. एकाच बाजूनं चमक दिसत असेल, आणि पात्याच्या पाठीकडून कडेकडे हलकेच अंगठा आडवा सरकवल्यावर एका अंगाला काहीतरी अडकत असेल, तर कड वळली आहे. (अंगठा नेहमी आडवा; धारेच्या लांबीवरून कधीही फिरवू नये.) अनेक जण 'धार गेली' एवढंच म्हणतात आणि निसण्यावर बसतात. आधी मिनिटभर भिंगातून पाहिलं तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

झीज हेच धार जाण्याचं एकमेव कारण नाही, याचा एक सुंदर पुरावा २०२० साली एमआयटीच्या संशोधकांनी दिला. दाढीच्या पात्याचं पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असतं, तरी केसांनी ते बोथट होतं. त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले, तेव्हा कड झिजून गोल होण्याऐवजी तिचे बारीक टवके उडताना दिसले. केस कापताना वाकतो, कडेवर तिरका जोर येतो, आणि पोलादाची अंतर्गत रचना जिथं एकसारखी नसते तिथं कड तुटते. म्हणजे अत्यंत पातळ धारेला कार्बाइडपेक्षा रचनेतला एकसारखेपणा जास्त वाचवतो. वस्तऱ्याच्या पात्यांसाठी एईबी-एल आणि १३सी२६ सारखी कमी कार्बाइडची, बारीक कणांची पोलादं वापरली जातात, ती यासाठीच.

आता कार्बाइडकडे येऊ, कारण क्रमवारीचं मूळ तिथं आहे. ६० रॉकवेलला (रॉकवेल हे पोलादाच्या कडकपणाचं माप) पाणी दिलेल्या पोलादाचा कठीणपणा विकर्सच्या मापात सुमारे ७०० भरतो. वाळूचा कण म्हणजे सिलिका सुमारे १,१००. धूळ किंवा वाळूचे कण लागलेला पुठ्ठा पोलादाला का खातो, ते या दोन आकड्यांवरूनच कळतं. या पोलादात क्रोमियम कार्बाइडचे कण असतील तर त्यांचा कठीणपणा १,५०० च्या आसपास असतो. व्हॅनेडियम कार्बाइडचा २,८०० च्या आसपास. म्हणजे दोन्ही कण वाळूला पुरून उरतात, पण व्हॅनेडियमचा कण फार मोठ्या फरकानं. म्हणूनच पोलादात एकूण कार्बाइड किती टक्के, एवढ्यावर भागत नाही. त्यातले व्हॅनेडियमचे किती, हे पाहावं लागतं.

इथं एम३९० बद्दलचा एक मोठा गैरसमज दूर होतो. त्यात सुमारे १.९ टक्के कार्बन, २० टक्के क्रोमियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. ४ टक्के व्हॅनेडियम म्हणजे भरपूर व्हॅनेडियम कार्बाइड असणार, असं वाटतं. पण क्रोमियम इतकं जास्त आहे की बहुतेक कार्बन त्याच्याकडे जातो आणि व्हॅनेडियमचाही बराच भाग क्रोमियम कार्बाइडच्या कणांतच मुरतो. एकूण कार्बाइड २० टक्क्यांच्या आसपास, पण त्यातला फार मोठा वाटा क्रोमियमचा. एस३५व्हीएनच्या आधीच्या एस३०व्ही मध्ये व्हॅनेडियम तेवढंच, ४ टक्के, आणि क्रोमियम १४ टक्के. त्याचे एकूण कार्बाइड साधारण १४.५ टक्के, त्यातले ४ टक्के व्हॅनेडियमचे. म्हणून एम३९० हे एस३०व्ही किंवा एस३५व्हीएनच्या पुढे आहे खरं, पण नावाचा जेवढा गाजावाजा आहे तेवढं पुढे नाही. खरी उडी एस९०व्ही मध्ये दिसते: व्हॅनेडियम ९ टक्के, आणि कार्बाइडचा जवळजवळ निम्मा भाग व्हॅनेडियमचा. पुठ्ठा आणि दोर कापण्यात ते एम३९०ला मागे टाकतं. निसण्यावर मात्र ते माणसाचा घाम काढतं.

मोजमापाची एक मान्य पद्धत आहे, ती समजून घ्यावी, कारण सगळे आलेख तिच्यावरच उभे असतात. शेफील्डच्या 'काट्रा' या संस्थेच्या यंत्रात पातं धार वर करून बसवतात आणि ५ टक्के सिलिका मिसळलेल्या खास कार्डांच्या गठ्ठ्यावर ठरावीक जोरानं पुढे-मागे चालवतात. ठरावीक फेऱ्यांत एकूण किती मिलिमीटर कार्ड कापलं गेलं, तो आकडा म्हणजे धारेचा टिकाऊपणा. आयएसओ ८४४२-५ हे मानक याच चाचणीचं. एस३०व्ही रचणाऱ्या क्रूसिबल कंपनीनं आपल्या माहितीपत्रकात ४४०सी ला १०० धरून १५४सीएम ला १२० आणि एस३०व्ही ला १४५ दिले होते. हा फरक खरा आणि वापरताना जाणवणाराही आहे. पण ४४०सी पासून एस३०व्ही पर्यंत पोचायला पोलादशास्त्राला अनेक दशकं लागली आणि पदरात पडली ती दीडपटीच्या आतली वाढ, हेही त्याच आकड्यांत लिहिलेलं आहे. 'पाचपट टिकते', 'दहापट टिकते' अशा जाहिराती वाचताना हे आठवा.

शिवाय ही चाचणी काय मोजत नाही, तेही पाहा. सिलिका असलेलं कार्ड म्हणजे जवळपास निव्वळ झीज. तिथं पात्याला फळीचा ठोका बसत नाही, हाड लागत नाही, मनगट वळत नाही, आंबट रस तासभर कडेवर सुकत नाही. फळीवर चालणाऱ्या स्वयंपाकघरातल्या सुरीचं आयुष्य याच गोष्टींनी भरलेलं असतं. त्यामुळे काट्राच्या आलेखात तळाशी असलेलं पोलाद स्वयंपाकघरात अगदी मानाचं ठरू शकतं, आणि ते ठरतंही.

आता कोन. या विषयात मला सर्वांत जास्त तळमळीनं सांगावंसं वाटतं ते हेच. धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी अनेक पोलादांच्या सुऱ्या एकाच आकाराच्या करून काट्राच्या चाचणीत घातल्या आणि कोण किती परिणाम करतो याचा हिशोब मांडला. दोन्ही बाजू मिळून धरलेला कोन १ अंशानं कमी केला तर होणारा फायदा साधारण १ रॉकवेल कडकपणा वाढवण्याएवढा निघाला. हाताशी धरून पाहा: दर बाजूला २० अंशांवर असलेली धार १५ अंशांवर आणली तर एकूण १० अंश वाचतात. १० रॉकवेल म्हणजे साध्या सुरीपासून उत्तमातल्या उत्तम सुरीपर्यंतचं अंतर! नुसत्या निसण्यावर, पोलाद न बदलता, एवढी मजल मारता येते. आणि कोनातला फायदा धार ताजी असेपर्यंतच नव्हे, ती बोथट होत गेल्यावरही मिळत राहतो, कारण पातळ पाचर जाड पाचरीपेक्षा वस्तूत सहज शिरते.

कोन किती खाली नेता येईल, हे मात्र पोलाद ठरवतं, आणि इथं क्रमवारी अर्धीअधिक उलटते. दर बाजूला १० ते १२ अंश एवढी बारीक धार १४सी२८एन किंवा एईबी-एल आरामात पेलतं. ४४०सी तिथं कुरकुरतं. नेहमीच्या ओतीव पद्धतीनं केलेल्या ४४०सी मध्ये कार्बाइडचे मोठे कण सापडतात, काही वीसेक मायक्रॉनचेही. १ मायक्रॉनच्या कडेला २० मायक्रॉनचा कठीण, ठिसूळ कण आला की तो उपटून पडतो आणि त्याच्यासोबत कडेचा तुकडा जातो. एस३५व्हीएन, एम३९०, एलमॅक्स, एसजी२ ही भुकटीची पोलादं आहेत: वितळलेल्या पोलादाचे वायूच्या झोतानं बारीक थेंब करतात, ते झटकन गोठतात, म्हणून कण वाढायला वेळच मिळत नाही, आणि मग ती भुकटी उष्णता व दाबाखाली एकजीव करतात. त्यांतले कण बहुतेक १ ते ४ मायक्रॉनचे राहतात. त्यामुळे कार्बाइड जास्त असूनही ती ४४०सी पेक्षा बारीक धार धरतात. तरी २० टक्के कार्बाइडचं एम३९० चिवटपणात १४सी२८एनच्या जवळपासही येत नाही.

म्हणून १४सी२८एन १२ अंशांवर आणि एम३९० २० अंशांवर अशी जोडी लावली, तर पुठ्ठ्यावरही १४सी२८एन हार मानेलच असं नाही. फळीवर तर ते सहसा पुढेच राहतं.

पाण्याबद्दल. पोलादाचा कडकपणा त्यातल्या एकूण कार्बनवर ठरत नाही; तापवताना जेवढा कार्बन पायात, म्हणजे कार्बाइडचे कण ज्यात रुतलेले असतात त्या धातूत, विरघळला तेवढ्यावर ठरतो. स्टेनलेस पोलाद साधारण १,०५० ते १,१०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, वेगानं थंड करतात, आणि पुन्हा हलकं तापवून त्याचा ताण काढतात, बहुधा २०० अंशांच्या आसपास. तापमान कमी पडलं तर कार्बन आणि क्रोमियम कार्बाइडमध्येच अडकून राहतात. पातं मऊही राहतं आणि गंजतंही. जास्त झालं तर पोलादाचा काही भाग थंड होऊनही कडक रूपात बदलत नाही, मऊच उरतो, आणि त्यावर शून्याखालच्या तीव्र थंडीचा उपाय करावा लागतो. हे सगळं दहा-वीस अंशांच्या आणि काही मिनिटांच्या फरकात घडतं. एकाच नावाच्या पोलादाच्या दोन सुऱ्या, एक ५८ रॉकवेलची आणि एक ६२ ची, हातात दोन वेगळी पोलादं असल्यासारख्या वागतात. एम३९० बद्दल हे फार ठळकपणे दिसतं. ते ६१-६२ ला उत्तम असतं, पण कारखान्यात पातं वाकडं होऊ नये, घासायला सोपं जावं म्हणून ५८-५९ वर सोडलेलंही मिळतं. तेवढ्या कडकपणाला कार्बाइडचे कण आहेत, पण त्यांना धरून ठेवणारा पाया मऊ. कड वळते, आणि कण असूनही उपयोग होत नाही.

पात्यावर नुसतं 'स्टेनलेस' लिहिलेलं असेल तर ते बहुधा ४२० वर्गातलं समजावं: कार्बन कमी, कडकपणा ५० ते ५५ रॉकवेल, गंजत नाही, धारही फार धरत नाही. आणि १८/१० असं लिहिलेलं पोलाद भांड्यांचं. ते पाणी देऊन कडक होतच नाही, त्याच्या सुरीचा विचारच करू नका.

त्याच्या वरची पायरी १.४११६, म्हणजेच एक्स५०सीआरएमओव्ही१५: कार्बन सुमारे ०.५ टक्के, क्रोमियम १५, कडकपणा ५५ ते ५८. जगभरच्या व्यावसायिक स्वयंपाकघरांत हेच जास्त दिसतं. काट्राच्या आकड्यांत ते मागं आहे, पण त्याची धार टवके उडून न जाता वळून जाते, आणि वळलेली कड गुळगुळीत रॉडवर चार-सहा हलक्या हातांनी सरळ होते. रोज कामाआधी रॉड फिरवणाऱ्या माणसाला ते दिवसचे दिवस निसण्याशिवाय साथ देतं. ज्याला रॉडची सवय नाही, त्याला तेच पोलाद दोन दिवसांत निकामी वाटतं.

१२सी२७, १४सी२८एन, १३सी२६ आणि एईबी-एल हा माझा सर्वांत आवडता वर्ग. कार्बन ०.६ ते ०.७ टक्के, क्रोमियम १३ ते १४, कण अत्यंत बारीक. १४सी२८एन मध्ये थोडा नायट्रोजन मिसळलेला असतो, सुमारे ०.११ टक्के, त्यामुळे कडकपणा न गमावता गंजरोध वाढतो. ६० ते ६२ रॉकवेलला पाणी दिलं आणि पातं पातळ घासलं, तर फळीवरच्या कामाला याहून चांगलं स्टेनलेस क्वचितच लागतं. निसण्यावर ते लोण्यासारखं लागतं आणि कडेची बर, म्हणजे धार लावताना निघणारी पातळ पत्री, स्वच्छ सुटते. एयूएस-८ आणि ८सीआर१३एमओव्ही हे यांच्याच आसपासचे. चांगल्या हातानं पाणी दिलेलं असेल तर कामाचे.

४४०सी बेअरिंगमध्येही वापरतात, यावरून त्याच्या झीजरोधाची कल्पना यावी. कार्बन १ टक्क्याच्या आसपास, क्रोमियम १६ ते १८. नावात अक्षर आहे की नाही हे जरूर पाहा. नुसतं '४४०' म्हणजे बहुधा ४४०ए, आणि ते बरंच मऊ. व्हीजी-१० जपानच्या ताकेफू कंपनीचं. कार्बन १, क्रोमियम १५, जोडीला मॉलिब्डेनम, कोबाल्ट आणि थोडं व्हॅनेडियम. ६० च्या पुढे कडक करतात, धार फार छान येते, पण त्याची बर चिवट असते. ती कडेला चिकटून राहते, हाताला तीक्ष्ण लागते, आणि पहिल्या काही कापांत तुटून खाली बोथट कड सोडते. व्हीजी-१० ची बदनामी मुख्यतः या अर्धवट काढलेल्या बरेमुळे झाली आहे, असं माझं ठाम मत आहे. शेवटचे काही हात अगदी हलके, बाजू आलटून पालटून, आणि मग चामड्याचा पट्टा. एवढं केलं की तेच पातं वेगळं वागतं.

१५४सीएम या दोघांच्या वर, भुकटीच्या पोलादांच्या खाली. त्याचंच भुकटीचं रूप सीपीएम-१५४ जास्त चिवट. एस३०व्ही २००१ साली आलं आणि सुऱ्यांसाठीच रचलेल्या भुकटीच्या स्टेनलेस पोलादांत ते महत्त्वाचं ठरलं. २००९ च्या एस३५व्हीएन मध्ये व्हॅनेडियम थोडं कमी करून नायोबियम घातलं, म्हणून चिवटपणा सुधारला आणि घासणं सोपं झालं. धारेच्या टिकाऊपणात दोघांत हाताला कळेल असा फरक नाही.

मॅग्नाकट तुमच्या यादीत नाही, तरी सांगायला हवं. वर उल्लेख केलेल्या लॅरिन थॉमस यांनीच ते रचलं आणि २०२१ मध्ये ते बाजारात आलं. त्यात क्रोमियम अवघं १०.७ टक्के. आकडा पाहून कोणीही म्हणेल की हे गंजणार. पण कार्बनचं प्रमाण असं साधलंय की पाणी दिल्यावर क्रोमियम कार्बाइड उरतच नाहीत. जवळजवळ सगळं क्रोमियम पायात मोकळं राहतं आणि गंजाशी लढतं. झिजेशी लढायला व्हॅनेडियम आणि नायोबियमचे बारीक, अतिकठीण कण आहेत. याउलट डी२ मध्ये क्रोमियम १२ टक्के असूनही त्यातलं बरंचसं कार्बाइडमध्ये अडकतं, म्हणून ते धड स्टेनलेस ठरत नाही. कार्बाइड सुमारे ८ टक्केच असूनही मॅग्नाकटची धार एस३५व्हीएनच्या वर्गात बसते आणि चिवटपणा तिच्यापेक्षा सरस. आजघडीला एकच सुरी सगळ्या कामांना हवी असेल, तर मी याच पोलादाची सुचवतो.

आता तुमच्या एम३९० कडे. न पाहता निदान करायचं तर तीन गोष्टींवर संशय घेईन. पहिली, कारखान्यातली धार. ती बहुतेक वेळा कोरड्या, वेगानं फिरणाऱ्या पट्ट्यावर लावतात. कडेच्या टोकाशी धातू इतका पातळ असतो की क्षणात तो २०० अंशांच्या पुढे जातो, आणि ज्या तापमानावर पाण्याचा ताण काढला होता ते ओलांडलं की टोक मऊ पडतं. रंग बदललेला दिसेलच असं नाही. हा मऊ थर निसण्यावर दोन-तीनदा धार लावल्यावर निघून जातो आणि खरं पोलाद उघडं पडतं. नवी सुरी तिसऱ्या धारेनंतर जास्त टिकायला लागली, असा अनुभव अनेकांना येतो तो यामुळे.

दुसरी, कडेच्या मागची जाडी. जुनी साधी सुरी वर्षानुवर्षं घासून पातळ झालेली असेल किंवा मुळातच पातळ असेल. धारेच्या लगेच मागे ०.२ ते ०.३ मिलिमीटर. खिशातल्या भक्कम एम३९० च्या सुरीला तिथं ०.६ किंवा त्याहून जास्त जाडी असते. पातळ सुरी अर्धवट बोथट झाली तरी कापत राहते. जाड सुरीची धार जराशी गेली की पात्याची जाडीच आडवी येते आणि आपण म्हणतो धार गेली. धार कदाचित जुन्या सुरीपेक्षा चांगलीच असते. भिंगातून दोन्ही शेजारी धरून पाहा.

तिसरी, तुमचा निसणा. नेहमीचे निसणे अॅल्युमिनियम ऑक्साइडचे असतात, कठीणपणा २,१०० विकर्सच्या आसपास. क्रोमियम कार्बाइडला ते कापतात, व्हॅनेडियम कार्बाइडला नाही. जाड निसण्यावर याचा त्रास कमी, कारण निसण्याचा मोठा कण आजूबाजूच्या पायासकट कार्बाइडचा कण उचलून नेतो. बारीक निसण्यावर मात्र पाया खरवडला जातो, कार्बाइडचे कण तसेच उभे राहतात, आधार जाऊन सैल होतात. धार लागल्यासारखी वाटते आणि लवकर जाते. ज्या पोलादात व्हॅनेडियम ३-४ टक्क्यांच्या पुढे आहे त्याला हिऱ्याचे किंवा सीबीएनचे (क्युबिक बोरॉन नायट्राइड या अतिकठीण पदार्थाचे) निसणे वापरा, चामड्याच्या पट्ट्यावरही हिऱ्याची पेस्ट. हा खर्च पोलादाच्या खर्चातच धरायला हवा.

पॉलिश किती करायचं, तेही कामावर ठरवा. दोर, पुठ्ठा, पट्टे ओढून कापायचे असतील तर ४०० ते ६०० च्या निसण्यावर (आकडा जितका मोठा तितका निसण्याचा कण बारीक) थांबा, बर मात्र पूर्ण काढा. त्या धारेला बारीक दात राहतात आणि ओढून कापताना ती गुळगुळीत धारेपेक्षा जास्त वेळ पकडते. दाबून कापायचं, लाकूड तासायचं, पातळ सोलायचं असेल तर ३,००० किंवा पुढे.

तेव्हा आता असं करा. एम३९० ची कड ४०० च्या हिऱ्याच्या निसण्यावर दर बाजूला १७ अंशांवर नव्यानं बसवा, बर संपेपर्यंत हात हलका करत जा, आणि आठवडाभर नेहमीचं काम करा. मग भिंगातून पाहा. टवके दिसले तर कोन दर बाजूला २ अंशांनी वाढवा. पोलाद बदलायची गरज नाही. सलग, बारीक, चमकती रेघ दिसली तर ती प्रामाणिक झीज आहे, आणि तीच तक्रार असेल तरच एस९०व्ही सारख्या जास्त व्हॅनेडियमच्या पोलादाकडे जाण्यात अर्थ आहे. कड वळलेली दिसली, तर आणखी दोनदा धार लावून तोच प्रयोग करा, म्हणजे कारखान्यातला जळका थर गेल्याची खात्री होईल. त्यानंतरही वळतच राहिली तर पाणीच कमी पडलंय. एखाद्या हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात रॉकवेल मोजून घ्या. सुईचा बारीक ठिपका पात्याच्या मुठीजवळच्या भागात पाडतात, वापराला काही बाधा येत नाही. आकडा ५९ किंवा त्याच्या खाली आला तर कोन फार खाली न नेता ती सुरी वापरा, आणि पुढची घेताना पोलादाच्या नावासोबत कडकपणाचा आकडा देणाऱ्याकडूनच घ्या.